सौनाबाहेरचा बाक

घर विकायला काढलं की माणसांना त्या घराच्या प्रेमाचं भरतं का येतं, हे मार्लीन ओयालाला कधीच कळलं नव्हतं. वर्षानुवर्षं घराबाहेरच्या लाकडी ओट्याच्या, म्हणजे डेकच्या, फळ्या काळ्या पडायच्या, शेवाळायच्या, बायका त्यांवरून घसरायच्या, पोरांच्या तळव्यांत कुसळं घुसायची, आणि घरातला बाप्या ढुंकून बघायचा नाही. मग एक दिवस घर विकायचं ठरलं की तोच बाप्या मार्लीनला फोन करायचा. "जरा चकाचक करून द्या हो. फोटोत सगळ्यात आधी डेकच दिसतो."

आणि मार्लीन जायची, कारण पोट त्यावरच होतं. पाण्याच्या फवाऱ्याने शेवाळ उडवायची, वर आलेले स्क्रू पिळून बसवायची, मशीनने घासून लाकूड उघडं करायची, त्यावर तेल चढवायची. आठवड्याभरात तो डेक असा काही उजळायचा की घरातली बाई दारात उभी राहून म्हणायची, "अगं बाई, हा असा दिसू शकत होता?" दिसू शकत होता. कधीही दिसू शकत होता. पण घरच्यांसाठी कोण एवढा खटाटोप करतो! परक्यांसाठी करायचा. मार्लीनच्या तळपायाची आग मस्तकात जायची, आणि ती तोंडावर बोलूनही दाखवायची. सुपीरियर तळ्याच्या या काठावर तिच्या हाताइतकंच तिचं तोंड प्रसिद्ध होतं.

म्हणून तिच्या सख्ख्या भावाने फोन करून आईच्या डेकचं नाव काढलं, तेव्हा तिला आधी वाटलं की हा चेष्टा करतोय.

वेन्डेल तरुणपणीच पूल ओलांडून दक्षिणेला गेला होता. आम्ही वरचे, पुलाच्या उत्तरेचे लोक पलीकडच्यांना पुलाखालची भुतं म्हणतो, आणि वेन्डेल हळूहळू खरोखरच त्यांच्यातला झाला होता. पॉलिश केलेले बूट घालायचा, शनिवारी सौना सोडून शॉवरखाली अंघोळ करायचा.

"मार्ली, कामाचं बोलायचंय," तो म्हणाला.

"बोल."

"आईचं घर. एजंट म्हणते, हा उन्हाळा फार चांगला आहे. तळ्याकाठच्या घरांवर शिकागोचे लोक तुटून पडलेत. फक्त डेक तेवढा जरा..."

"आईचं घर विकायचं कधी ठरलं?"

"ठरलं म्हणजे काय, कुणीतरी ठरवायलाच हवं ना. ती आता तिथे एकटी राहणार आहे का? शहाऐंशी वय, खुबा मोडलेला. तुलाही ठाऊक आहे."

तिला ठाऊक होतं. तोच तर राग होता. वेन्डेल खोटं बोलत असता तर त्याला झाडता आलं असतं.

"आईला सांगितलंस?"

"सांगतो ना."

"सांगतो नाही. आधी सांगायचं. तू, तुझ्या तोंडाने. सह्या करायचा अधिकार तिने तुला दिलाय, मला नाही दिला. तू सांगेपर्यंत मी तिथल्या एका फळीला हात लावणार नाही."

"सांगतो म्हटलं ना बाई! आणि हे बघ, बिल पाठव हं मला. फुकट नको करूस, बरं दिसत नाही ते."

मार्लीनने फोन आपटला. बिल म्हणे! ज्या डेकवर दोघं चड्डीत नाचली, त्याचं बिल.

पुढच्या आठवड्यात त्याचा पुन्हा फोन आला. "सांगितलं."

"काय म्हणाली?"

"काय म्हणणार? आईच ती. बरं म्हणाली."

मार्लीनला ते खरं वाटलं. लेम्पी ओयाला ही बाई नवरा गेला तेव्हाही "बरं" एवढंच म्हणून कॉफी टाकायला उठली होती. शिवाय मार्लीन दर आठवड्याला आईच्या वृद्धाश्रमात जायची, वेलदोड्याचा गोड पाव घेऊन, आणि तिथे आई घराविषयी अवाक्षर काढायची नाही. मग मार्लीननेही काढलं नाही. उगाच खपली कशाला काढा, असं ती मनाशी म्हणायची, आणि पावाला लोणी लावून आईच्या हातात द्यायची.

घर तसं साधंच, पण त्या घराआधी तिथे सौना होती. लेम्पीच्या बापाने या किनाऱ्यावर पाय ठेवल्यावर पहिल्यांदा बांधली ती दगड तापवून घाम काढायची लाकडी खोली, आणि पहिला हिवाळा नवरा-बायकोने तिच्यातच काढला. लेम्पी जन्मली तीही तिथेच, खालच्या फळीवर. घर मागाहून झालं, डेक त्याच्याही मागाहून. मार्लीनच्या वडिलांनी घरापासून सौनाच्या दारापर्यंत तो बांधत नेला आणि दाराबाहेर एक रुंद बाक ठोकला, देवदाराच्या एकाच जाड फळीचा. शनिवारी अंगातून वाफा निघत असताना माणसं उघड्यानं बाहेर यायची आणि त्या बाकावर तळ्याकडे तोंड करून बसायची.

त्या बाकाला काही लावायचं नाही, हा लेम्पीचा नियम होता. तेल नको, रंग नको, वार्निश तर नकोच. पाइनचा साबण आणि ब्रश, बास. घासून घासून तो बाक करडा झाला होता आणि जुन्या चादरीसारखा मऊ लागायचा. वडिलांनी एका उन्हाळ्यात हौसेने त्यावर वार्निश फासलं होतं. पुढच्या शनिवारी तापल्या अंगाने ते त्यावर बसले ते असे चिकटले, की उठताना केलेली बोंब तळ्यापलीकडे ऐकू गेली म्हणतात. लेम्पीने आधी पोटभर हसून घेतलं, मग तो बाक पुन्हा कोरा होईपर्यंत त्यांच्याशी बोलली नाही.

मार्लीनने बाकीच्या डेकचं काम मन लावून केलं, रागावतच. कुजलेल्या फळ्या बदलल्या. जिथे आईचा पाय अडकून खुबा मोडला, ती पायरीजवळची हलती फळी तिने अवघ्या दोन स्क्रूंत पक्की केली, आणि मग बराच वेळ तिथेच मांडी घालून बसून राहिली. दोन स्क्रू! लोकांच्या डेकवर ती असले स्क्रू मुठीमुठीने पिळत हिंडत होती. आईने दोनदा सांगितलं होतं, "ती फळी हलते गं." दोन्ही वेळा मार्लीन म्हणाली होती, "पुढच्या शनिवारी बघते."

घर विकणारी एजंट ग्रेचेन काम बघायला आली ती फोनवर फोटो काढतच आली. गोड बोलणारी बाई, दात फार पांढरे.

"सुंदर! अगदी मधासारखा रंग आलाय हो. फक्त हा बाक... हा असाच ठेवणार तुम्ही?"

"असाच."

"फोटोत डोळ्यात खुपतो. सगळा डेक सोन्यासारखा आणि मध्येच हे करडं लाकूड."

"सौनाच्या बाकाला तेल लावत नाहीत," मार्लीन म्हणाली. "गरम अंगाने माणसं त्यावर बसतात. चिकटतं."

ग्रेचेन हसली. "बघायला येणारे लोक तिथे बसणार नाहीयेत हो. परवा एकांनी फोनवर आधीच विचारलं, त्या छोट्या खोलीत होड्या ठेवता येतील का म्हणून."

होड्या. लेम्पी जिथे जन्मली, आजीला मेल्यावर जिथे शेवटची अंघोळ घातली, तिथे हे होड्या ठेवणार. मार्लीनच्या डोक्यात अशी तिडीक गेली की तिला समोरचं दिसेना. आणि रागाने डोळे भरले की माणूस नेमकं करायला नको तेच करतो. "ठेवा होड्या!" ती ओरडली. "ठेवा, आणि वर तुमची बुडं चिकटवून घ्या!" तिने डबा उघडला, बाकावरून घासायचं मशीन फिरवलं आणि त्याला बाकीच्या डेकसारखंच तेल चढवलं, वर चमक येणारा हातही मारला. ग्रेचेन टाळ्या वाजवायची तेवढी बाकी होती. तेलाच्या चिंध्या आपोआप पेट घेऊ नयेत म्हणून मार्लीनने त्या पाण्याच्या डब्यात बुडवल्या. लावायचं ते लावून झालं होतं.

घर शनिवारी दुपारी बघायला खुलं होणार होतं. आदल्या दिवशी मार्लीन नेहमीसारखी आईकडे गेली.

लेम्पी खिडकीपाशी चाकांच्या खुर्चीत बसली होती. मार्लीनने पाव पुढे करताच तिने आधी लेकीचा हात हुंगला.

"तेल," ती म्हणाली. "कोणाचं घर विकतंय आता?"

मार्लीनला आधी वाटलं, आई टोमणा मारतेय. तिने आईच्या तोंडाकडे पाहिलं. टोमणा नव्हता. लेम्पी खरंच विचारत होती, जशी दर उन्हाळ्यात विचारायची.

"कोणाचं गं?"

"असंच... तळ्याकाठचं एक."

"शिकागोवाल्यांच्या घशात जाणार असेल. जाऊ दे. ऐक, इथे व्यायाम घेणारा तो पोरगा आहे ना, त्याला मी सांगून टाकलंय की मला पळायला नको शिकवूस, सौनाची पायरी चढण्यापुरतं शिकव. होळीच्या शनिवारी मी घरी जाणार." जूनच्या अखेरीस आम्ही तळ्याकाठी मोठी होळी पेटवतो, तिच्याविषयी ती बोलत होती. "माझा बाक घासून ठेव. साबण सिंकखाली आहे. वेन्डेल येऊन गेला मध्ये, त्यालाही सांगितलं. 'बघू' म्हणाला. त्याचं 'बघू' म्हणजे तुला माहितीये. तू ठेवशील ना?"

म्हणजे वेन्डेल इथे येऊन, आईसमोर बसून, तिची कॉफी पिऊन, शेपूट घालून परत गेला होता.

 तोंड उघडलं तर काय बाहेर पडेल याचा मार्लीनला भरवसा वाटेना. आणि लोकांच्या नवऱ्यांना उभं-आडवं सोलणारी ही बाई आईसमोर एवढंच म्हणाली, "ठेवते."

मग ती आश्रमाच्या आवारात, गाडीच्या आडोशाला उभी राहून फोनवर भावाच्या नावाने ओरडली.

"सांगितलं म्हणालास तू मला!"

"सांगायला गेलोच होतो गं. पण ती एवढी खुशीत होती... मी म्हटलं, आधी एखादं चांगलं गिऱ्हाईक तर येऊ दे. उगाच आत्तापासून तिच्या जिवाला घोर—"

"खोटं बोललास."

"खोटं काय त्यात? जरा पुढे ढकललं, एवढंच."

"उद्या मी तिला घेऊन येतेय. तिच्या घरात, तिच्यासमोर उभा राहून सांगायचं."

"उद्या? अगं वेडे, उद्या लोक येणार आहेत!"

"मग लोकांसमोर सांग," मार्लीन म्हणाली आणि फोन बंद केला.

मार्लीनने रात्रीच फोनवर 'उद्या घरी नेते' म्हणून कळवलं होतं, त्यामुळे शनिवारी आई तयार होऊनच बसली होती. मांडीवर घडी केलेला टॉवेल, त्यावर सौनात अंग झोडायची बर्चच्या डहाळ्यांची वाळकी जुडी, कुठून मिळवली कोण जाणे. "शनिवारची घरी नेतेस म्हणजे सौनाच ना?" ती म्हणाली. वाटभर ती बोलत होती. यंदा बर्चला पालवी उशिरा आली, शेजारच्यांनी कुंपण वाकडं घातलं, गाडीत कसला हा कचरा. मार्लीन हूं हूं करत होती. 'विकणे आहे'ची पाटी ग्रेचेनने मोठ्या रस्त्याच्या तोंडाशी लावली होती. मार्लीनने गाडी मागच्या, झाडीतल्या वाटेने आणली. का, ते तिने स्वतःला विचारलं नाही.

वेन्डेल धावतच आला. त्याने आणि मार्लीनने खुर्ची उचलून डेकवर ठेवली.

"आई! बघ, कसा झालाय डेक!"

लेम्पीने नजर फिरवली. "चांगला केलायस गं," ती मार्लीनला म्हणाली. "तुझ्या बापाला एवढं जमलं नसतं." मग तिने नाक वर केलं. "माझ्या स्वयंपाकघरात बिस्किटं कोण भाजतंय?"

घरात छान वास दरवळावा म्हणून ग्रेचेनने ओव्हन लावला होता. ती खिडकीतून सगळे दात दाखवत हात हलवत होती.

"मैत्रीण आहे," वेन्डेल म्हणाला. "म्हणजे... ओळखीची."

मार्लीनने त्याच्याकडे डोळे वटारले. बोल ना मेल्या! वेन्डेलने बुटांकडे पाहिलं.

तेवढ्यात लेम्पीने स्वतःच खुर्चीची चाकं ढकलत सौनाचं दार गाठलं होतं. बाकापाशी ती थांबली आणि तिने त्यावर तळहात टेकला, जसा आपण घरी आल्यावर कुत्र्याच्या डोक्यावर ठेवतो. तळ्यावरच्या दमट हवेत तेल अजून पुरतं सुकलं नव्हतं. तिने हात उचलला तेव्हा तो किंचित चिकटून सुटला.

तिने तळहात पाहिला. मग बाक पाहिला.

"हे काय लावलंय?"

"पॉलिश, आई," वेन्डेल घाईघाईने म्हणाला. "लाकूड टिकतं त्याने."

"माझ्या बाकाला?"

लेम्पीने एकदा घराकडे पाहिलं, पुसून लख्ख केलेल्या खिडक्यांकडे पाहिलं, दारात ठेवलेल्या नव्याकोऱ्या फुलांच्या कुंड्यांकडे पाहिलं. तिला समजायला फार वेळ लागला नाही.

"ज्याला इथे बसायचंय तो याला काही लावत नाही," ती म्हणाली. "हे बघणाऱ्यासाठी केलंय. विकायला काढलंत तुम्ही घर."

"आई, मी सांगणारच होतो—"

"तू गप्प राहा. तू काय सांगणार! लहानपणी खिडकीची काच फुटली तेव्हासुद्धा तू मार्लीनला पुढे करून मागे उभा राहिला होतास." मग ती लेकीकडे वळली. तिचा आवाज चढला नाही, पण मार्लीनला तो वडिलांच्या बोंबेपेक्षा मोठा वाटला. "तू लावलंस?"

"हो."

"तुला ठाऊक होतं?"

"मला वाटलं याने तुला सांगितलंय. हा म्हणाला तसं."

"आणि काल? काल माझ्यासमोर बसून 'घासून ठेवते' म्हणालीस. काल ठाऊक होतं?"

"हो."

"मग?"

"त्याने सांगावं असं वाटलं मला. त्याचं काम होतं ते."

"त्याचं काम!" लेम्पी म्हणाली. "आणि मी कोणाचं काम? माझे पाय चालत नाहीत हे मला तुमच्याआधी कळलंय. घर विकावं लागेल हे मला कळत नसेल, एवढी मी खुळी वाटले तुम्हाला? रडले असते एक दिवस, नाहीतर दोन दिवस तुम्हाला शिव्या घातल्या असत्या. तेवढा तरी हक्क होता माझा. दोन धडधाकट पोरं जन्माला घातली मी, आणि माझं घर जातंय हे मला एका फळीने सांगायचं?"

वेन्डेल रडवेला झाला. मार्लीन झाली नाही. तिला राग आला होता, आणि तो कुठे टाकावा ते तिला उमगेना. वेन्डेलवर टाकून झाला होता. ग्रेचेनवर, शिकागोवर, होड्यांवर, जगातल्या सगळ्या आळशी नवऱ्यांवर टाकून झाला होता. आता उरली होती ती एकटीच, आणि तिच्या हाताला अजून तेलाचा वास येत होता.

ती तडक गाडीकडे गेली. खरवडायची पत्ती, घासायचं मशीन, वायरचं भेंडोळं, खरखरीत कागदाचा डबा, सगळं उचलून आणलं आणि बाकापाशी गुडघे टेकले. आधी पत्ती. ओलसर तेलाचे चिकट वळसे निघाले. मग मशीन. ताजं तेल कागदाला धरतं आणि कागद क्षणात मेणचट होतो. मार्लीनने तो फाडून फेकला, दुसरा लावला, तोही भरला, तिसरा लावला. मधाच्या रंगाची धूळ उडून कुंड्यांवर, खिडक्यांवर, वेन्डेलच्या बुटांवर बसायला लागली.

ग्रेचेन ओव्हनचा हातमोजा घालूनच बाहेर धावली. "मार्लीन! अहो लोक येतायत! गाडी वळली बघा!"

"येऊ द्या!"

"वेडी झालीस का?" वेन्डेलने वायर पकडली. "बंद कर आधी! सगळ्या कामाचा सत्यानाश करतेयस."

"वायर सोड, वेन्डेल. नाहीतर हेच मशीन तुझ्या बुटांवरून फिरवीन, आत पाय असताना."

त्याने वायर सोडली.

"वेन्डेल," लेम्पी खुर्चीतून म्हणाली, "लाकडं आण. बर्चची. मागे शेडमध्ये आहेत, मी रचलेली."

"आई, आत्ता? सौना?"

"शनिवार आहे. मी टॉवेल घेऊन आलेय. विकायचं का नाही, कोणाला, कसं, ते अंघोळीनंतर. पारोशी मी व्यवहाराचं बोलत नाही."

तर अशी ती दुपार झाली. पहिलं जोडपं आलं, काळे चष्मे लावलेलं, तेव्हा सौनाच्या धुराड्यातून धूर निघत होता, एक बाई मशीन घेऊन बाकाशी झोंबत होती आणि एक गृहस्थ चांगल्या कपड्यांत ओंडके वाहत होता. ग्रेचेन त्यांना बिस्किटं देत घाईने घरात न्यायला लागली.

"या, या," लेम्पी खुर्चीतूनच म्हणाली. "बघून घ्या घर. वरच्या खोलीत छत गळतं, ते या बाई तुम्हाला सांगणार नाहीत."

"तुम्ही... मालकीण का?" बाईने चष्मा वर करत विचारलं.

"आज आहे."

"आणि या काय करतायत?"

"माझी जागा करतेय. माझी मुलगी आहे ती. हात फार चांगला आहे तिचा. तोंड ऐन वेळी मिटतं, एवढंच."

मार्लीनने ऐकलं. मशीनच्या घरघरीतही ऐकलं. तिने मान वर केली नाही, फक्त आणखी जोर लावला.

तेल सगळं निघालं तेव्हा खालून कोरं, फिकट पिवळं लाकूड वर आलं. मार्लीनने मशीन बंद केलं आणि बारीक कागदाने हातानेच कडा मारल्या, मांडीला कुसळ लागू नये म्हणून. लेम्पीने पुढे वाकून हात फिरवला. आता हात चिकटला नाही.

"करडं कधी होणार हे?"

"वेळ लागेल, आई. काही वर्षं. उन्हात, पावसात राहिलं की."

"म्हणजे ते गेलंच."

"गेलं," मार्लीन म्हणाली. खोटं बोलायला आता तिच्यात ताकद नव्हती.

लेम्पीने मान हलवली. मग तिने हात वर केले, लहान मूल करतं तसे, आणि मार्लीनने तिला उचलून आत नेलं. आत बेताचीच ऊब होती. मार्लीनने तिला खालच्या फळीवर टेकवलं, दगडांवर पाणी शिंपलं. वाफेत दोघी बसल्या. मार्लीनने ओल्या डहाळ्यांनी आईची पाठ हलकेच झोडली, आणि त्या पाठीचं एकेक हाड हाताला लागलं तसा तिचा राग वितळण्याऐवजी वाढतच गेला. एवढीशी झाली होती आई. एवढ्याशा माणसाला सांगायला दोघं घाबरली होती.

बाहेर आणून तिने आईला बाकावर बसवलं. टॉवेल गुंडाळलेली, लालबुंद, अंगातून वाफा निघणारी म्हातारी तळ्याकडे तोंड करून बसली. डेकवर आणखी एक जोडपं उभं होतं. त्यांनी चटकन नजर फिरवली आणि कठड्याच्या मजबुतीविषयी बोलायला लागले. ग्रेचेन एव्हाना कोणाकडेच बघत नव्हती.

वेन्डेल शेवटचा ओंडका घेऊन तसाच उभा होता. बुटांवर धूळ, बाहीला साल चिकटलेली. लेम्पीने बाकावर एका बाजूला थाप मारली, मग दुसऱ्या बाजूला. वेन्डेल येऊन बसला. मार्लीनही बसली.

"हं," लेम्पी म्हणाली. "आता सांगा."

"काय सांगू, आई?" वेन्डेलने विचारलं. "तुला कळलंय की."

"मला काही कळलेलं नाही. मला कोणी काही सांगितलेलं नाही. पहिल्यापासून सांगा."

वेन्डेलने बहिणीकडे पाहिलं, काच फुटली तेव्हा पाहिलं होतं तसंच. मार्लीनच्या तोंडात त्याच्यासाठी एक सणसणीत शिवी तयार होती. ती तिने गिळली. तो बोलेल म्हणून आणखी वाट बघावी, असंही एकदा मनात येऊन गेलं. मग ती आईकडे वळली.

"आई," ती म्हणाली, "आम्ही तुझं घर विकायला काढलंय."

लेम्पीचं तोंड क्षणभर वाकडं झालं, पहिल्यांदाच ऐकावं तसं. तिने कोऱ्या लाकडावर तळहात दाबून धरला.

"का?" तिने विचारलं.

आणि मार्लीनने त्या हलत्या फळीपासून सांगायला सुरुवात केली.